लेक म्हटलं, तिथंच चुकलं

यंदा होळीच्या आधीच टँकर सुरू झाले. आमच्या अंबाजोगाईच्या गल्लीत तो सकाळी सकाळी हॉर्न वाजवत येतो, बाया घागरी-बकेटा घेऊन पळतात, पाइपावरून एकमेकींच्या झिंज्या धरायची वेळ येते, आणि मला पाण्याच्या आधी राग येतो. सून म्हणते, "आत्या, तुमी आत बसा बरं, बीपी वाढंल." अगं, वाढू दे ना! दुष्काळ पडला की लोकांना देव आठवतो. मला देऊळ आठवतं. माझ्या सख्ख्या दिरानं एका उन्हाळ्यात, माझ्या डोळ्यांदेखत बांधायला घेतलेलं देऊळ. आणि त्याचा पाया कुणी घातला म्हणता? आम्हीच, गावातल्या बायांनी, चांगलं करायला गेलो म्हणून. सून दार लावून घेते आणि मी बाहेर कठड्यावर बसून बडबडत राहते.

आमचं गाव केज तालुक्यात, डोंगराच्या कडेला. बालाघाटाच्या कुशीत वसलेलं वगैरे लिहायची पद्धत आहे. कुशी कसली डोंबलाची! उघडाबोडका खडक, वर कुसळी गवत, मधूनमधून एखादी हिवर-बाभूळ. पण गावाच्या मावळतीला डोंगर जिथं आत वळतो, तिथं सटवाईचं बन होतं. अंजन, धावडा, कडुनिंब, बेल, आपटा, कडेनं सीताफळीची दाट जाळी. आत पाऊल टाकलं की उन्हाचा चटका बाहेर राहायचा आणि पाचोळ्याचा, ओल्या दगडाचा, रानातल्या जित्राबांच्या अंगाचा असा मिळून एक वास यायचा. मधोमध जुन्या अंजनाखाली शेंदूर माखलेला एक गोल दगड, तीच सटवाई. बाळ जन्मलं की पाचवी-सहावीला येऊन कपाळावर नशीब लिहून जाते, ती. तिला भिंत नाही, छप्पर नाही, पुजारी नाही. पुरुषाचा तर तिला हातच चालत नाही. तिचं सगळं बाळंतिणीनं आणि सुइणीनं करायचं. बनातलं वाळकं पानसुद्धा चुलीत घालायचं नाही, एवढा एकच तिचा कायदा होता.

बनाच्या खालच्या अंगाला खडकाच्या कपारीत झिरा होता. झिरा म्हणजे विहीर नव्हे, नुसतं झिरपून साचणारं पाणी. उपसलं की पुन्हा भरायला निवांत वेळ घेणारं. त्या साली गावातल्या विहिरींचा तळ दिसायला लागला, हापसे नुसते खडखड वाजायला लागले, पण झिरा चालू होता. तिथं आम्ही सकाळी घागरी घेऊन जायचो आणि दुपारी हरणं यायची. चिंकारा हे नाव मला फार उशिरा कळलं. आमच्याकडं ते हरीणच. मोर-लांडोरी यायच्या, ससे यायचे, मुंगसं यायची, एक थोराड घोरपड तर आमच्या घागरीला अंग घासून जायची. बायांनी आपसात ठरवून टाकलं होतं की सकाळचं पाणी आपलं आणि उन्हं डोक्यावर आली की त्यांचं. बारा वाजून गेल्यावर घरात पाव्हणा आला आणि तांब्यात थेंब नसला, तरी झिऱ्यावर कुणी जायचं नाही. पाव्हण्याला ताक द्यायचं, नाहीतर गप्पा.

हा नियम ज्या बाईनं घातला ती गयाबाई. दरसाल नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जाणारी, काळी, उंच, आणि आवाज असा की तिनं बांधावरून हाक मारली तर शेजारच्या शिवारातला बैल थांबायचा. त्या साली ऊसच नव्हता, त्यामुळं कारखान्यानं टोळ्या लवकर परत धाडल्या आणि गयाबाई संक्रांतीलाच गावात हजर झाली. ती आमच्या महिला दूध संस्थेची अध्यक्ष होती आणि मी सेक्रेटरी, कारण मला तेवढं लिहिता-वाचता बरं येत होतं.

आता ही संस्था कशी निघाली तेही ऐका. माझे दीर गावच्या सोसायटीचे चेअरमन. घरात मी त्यांना भाऊजी म्हणायची, गाव त्यांना चेअरमनच म्हणायचं, आणि चहा पिता पिता तेसुद्धा स्वतःला चेअरमनच समजायचे. सहकार हा शब्द आमच्या जिल्ह्यात फार मोठा. शाळेत शिकवतात, सगळ्यांनी मिळून सगळ्यांचं भलं करायचं. गावात त्याचा अर्थ असा की सगळ्यांनी मिळून एकाला मोठं करायचं आणि तो मोठा झाला की त्याला हार घालायचे. तर कसल्याशा योजनेत बायांची संस्था पाहिजे होती. भाऊजींनी काढली. अंगठे बायांचे, डोकं त्यांचं, असा हिशेब. पण गयाबाईनं पहिल्याच बैठकीत सांगितलं, "चेअरमनसाब, दूध आमी काढताव, शेण आमी काढताव, तर बैठक बी आमीच घेताव. तुमी भाईर बसा, च्या भाईर येईल." भाऊजी हसले. त्यांचं हसणं मला कधीच आवडलं नाही.

संस्थेनं बनाभोवतीचा माळ चराईला बंद केला. जनावर सोडायचं नाही. ज्याला गवत पाहिजे त्यानं विळ्यानं कापून डोक्यावर न्यायचं. मेंढरंवाल्यांशी भांडणं झाली, आमच्या घरातल्या पुरुषांशी त्याहून मोठी झाली. आमचे हे एसटीत कंडक्टर, आठवड्यातून एकदा घरी यायचे आणि म्हणायचे, "तुला काय करायचंय गं गावाची उठाठेव?" पण गवत वाढलं. गवतात तितर आले, तितरांमागं खोकड आलं. दुष्काळातसुद्धा आमच्या म्हशी दूध देत होत्या, तेव्हा गवतावरून बोलणारी तोंडं आपोआप बंद झाली.

मग फाल्गुनात लाकूडवाल्याचा ट्रक आला. दुष्काळात हे ट्रक गिधाडांसारखे फिरतात. ज्याच्या बांधावर निंब-बाभूळ आहे तो विकतो, दुसरं काय करणार? पण या ट्रकाला बन पाहिजे होतं. गावातल्या चार मोठ्या माणसांनी पारावर बसून ठरवून टाकलं की बनातली झाडं वाळली आहेत, ती काढून टाकू. वाळली! फाल्गुनात धावडा-अंजन पानं टाकतात, तेवढं यांच्या आजोबांनासुद्धा माहीत होतं. मी पारावर जाऊन म्हटलं, "पानगळ झालीया, मेली न्हाईत ती." एक जण म्हणाला, "वैनी, तुमी घरी जावा, ऊन लागंल." ऊन लागेल म्हणे! त्या उन्हात रोज घागरी वाहणाऱ्या बाईला!

त्या दिवशी डेअरीच्या ओसरीवर आमची बैठक बसली. कुणी म्हणालं तहसीलला जाऊ, कुणी म्हणालं आडवं पडू. गयाबाई तंबाखू मळत होती. मग म्हणाली, "झाड म्हणलं तर तोडतेत. देवीचं म्हणलं तर नारळ फोडतेत, माफी मागतेत, अन् तोडतेत. आपुन असं करू, लेक म्हणू. ओट्या भरू त्येंच्या. ओटी भरलेल्या लेकीवर कोण हात उचलतंय, मी बघते."

काय सांगू, अंगावर काटा आला होता आमच्या. लगेच पटलं. माहेराला आलेल्या लेकीची ओटी भरतात. ती भरली की तिच्या पदरात माहेराची सगळी माया बांधली जाते, मग तिला गावातला टवाळ पोरगाही वाकडं बोलत नाही. निदान आम्ही तसं समजत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली एकूण एक बाई बनात होती. तांदूळ कुठले असणार, ज्वारी घेतली. ट्रंकेतले ठेवणीतले खण बाहेर निघाले. हिरवे, डाळिंबी, एकीनं तर आपल्या लग्नातला आणला. प्रत्येक झाडाला हळदीकुंकू लावायचं, खणात ज्वारी, हळकुंड, सुपारी घालायची आणि तो खण बुंध्याला पदरासारखा बांधायचा. म्हाताऱ्या गाणी म्हणत होत्या. एका पोक्त बाईनं एका कोवळ्या निंबाला दम दिला, "नीट ऱ्हा गं बया, सासरचं नाव काढू नगं इतक्यात," आणि आम्ही पोट धरधरून हसलो. निंबाला मोहर आला होता, त्याचा कडूगोड वास आमच्या डोक्यातल्या तेलात मिसळला होता. दुसऱ्या दिवशी पाहतो तर खण रिकामे. लांडोरींनी, चिमण्यांनी, खारींनी सगळी ज्वारी फस्त केलेली. गयाबाई म्हणाली, "लेक जेवली." मग रोज सकाळी घागरीबरोबर मूठभर ज्वारी न्यायची रीतच पडली. घरात पोरांना मोजून भाकरी आणि रानात पाखरांना ज्वारी, यावरून सासवांनी आमचा उद्धार केला तो वेगळाच.

ट्रक पुन्हा आला. कुऱ्हाडवाले आत गेले आणि खण बांधलेली झाडं बघून थबकले. "हे काय हो बाई?" गयाबाई कंबरेवर हात ठेवून उभी. "माहेरवाशिणी हायत्या आमच्या. चालीव कुऱ्हाड. चालीव की! कावून थांबला?" त्यातल्या एकानं पायातली चप्पल काढली, एका झाडाला हात जोडला आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकून चालता झाला. बाकीचे त्याच्या मागं गेले. त्या संध्याकाळी आम्ही चाळिशीतल्या बाया फुगड्या खेळलो. भाऊजी रस्त्यात भेटले तर म्हणाले, "वैनी, लई डोकं लढवलं बरं तुमी." मी मेली खूश झाले.

पुढं काय झालं ते ऐकून कुणी म्हणेल, योगायोग. असेल. बनाच्या वरच्या अंगाला भाऊजींचं रान आहे. त्यांनी तिथं बोअर घेतला आणि अशा कडक दुष्काळात त्याला पाणी लागलं. खडकाच्या पोटात पाणी होतं ते निघालं, बस्स. पण गावानं ठरवलं, सटवाई पावली. ओट्या भरल्या म्हणून पावली. झालं! केजहून जिपा सुरू झाल्या, तेलगावाकडनं बाया टेम्पो करून यायला लागल्या. कुणाला मूल पाहिजे, कुणाला पाऊस पाहिजे, कुणाला पोराची नोकरी. प्रत्येकीनं खण बांधायचा. एकेका झाडावर इतके खण, की बुंधा दिसेना. प्लास्टिकच्या पिशव्या, उदबत्तीचे पुडे, नारळाच्या शेंड्या, थर्माकोलच्या ताटल्या. माणसांच्या पायरवानं हरणं दुपारची झिऱ्यावर येईनात; दूर माळावर उन्हात उभी राहून वाट बघायची. आम्ही यात्रेकरूंना हात जोडून सांगायचो, बायांनो, दुपारी इथं थांबू नका. त्या म्हणायच्या, "तुमच्या मालकीची हाय का देवी?"

आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, भूमिपूजनाचा मंडप पडला. सटवाई देवस्थान समिती. अध्यक्ष भाऊजी. समितीत बाई एकही नाही. ज्या देवीला पुरुषाचा हात चालत नाही, तिची समिती पुरुषांची! सभामंडप, वर स्लॅब, पुढं फरशी, गाड्या लावायला मैदान. आणि त्या सगळ्याला जागा पाहिजे म्हणून बनातली मधली झाडं काढायची. मी भर मंडपात उठले. डोक्यावरचा पदर सुटला तरी आवरला नाही.

"भाऊजी, ती झाडं आमच्या लेकी हायत. ओट्या भरल्यात त्यांच्या."

"व्हय की वैनी," ते म्हणाले, अगदी गोड आवाजात, माईकवर. "कोण न्हाई म्हणतंय? पण देवी हालवता येत न्हाई, तवा झाडंच हालवावी लागतेल. अन् लेक म्हणलं ना तुमी? मंग लेक काय जलमभर म्हायेरी ठेवायची असती का? लेक द्यायची असती. देवीच्या घरी चालल्यात, ह्याच्यापरीस चांगलं सासर कंचं घावायचं?"

सगळा मंडप हसला. टाळ्या पडल्या. मला आजही त्या टाळ्या ऐकू येतात, आणि त्यात बायांच्या बांगड्यांचाही आवाज होता.

लेक! आम्हाला एवढं कसं कळलं नाही? आमच्या भागात लेक म्हटल्यावर कुणाचा हात थांबला होता? किती लेकी जगाचा उजेड बघायच्या आतच गेल्या. जन्मल्या त्या शाळेतून काढून कोयत्याला जुंपल्या, कारण कारखान्यावर जायचं तर नवरा-बायकोची जोडी लागते. मुकादम जोडी मागतो म्हणून बापानं परकर-पोलक्यातली पोरगी उजवली. गयाबाईचं लग्न तसंच झालेलं. माझं त्याहून दोन-चार वर्षं उशिरा, एवढंच. ओट्या तर सगळ्यांच्याच भरल्या होत्या. ओटी भरून, डोळे पुसून, टेम्पोत बसवून पाठवायचं आणि पुन्हा मागं वळून बघायचं नाही, ही आमची रीत. वाचवायच्या झाडांना नेमकं तेच नाव आम्ही दिलं. याला काय म्हणावं?

झाडं तोडायच्या दिवशी काय झालं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. गावातल्या निम्म्या बाया पाठवणी करायला आल्या. खरंच! झाडांच्या पुन्हा ओट्या भरल्या, कानशिलावर बोटं मोडली आणि हमसून हमसून रडल्या. माझी जाऊ, भाऊजींची बायको, अंजनाला मिठी मारून रडत होती. यंत्राची करवत सुरू झाली तेव्हा पुरुषांनी त्यांना हाताला धरून बाजूला केलं, त्या बाजूलाही झाल्या. रडून लेक पाठवायची एवढी सवय लागलेली, की रडलं म्हणजे आपलं काम झालं. गयाबाई रडली नाही. ती करवतवाल्यापुढं उभी राहिली, तेव्हा तिच्याच नवऱ्यानं तिला फरफटत नेलं. ओल्या लाकडाचा वास गावभर पसरला. खण भुश्यात पडले होते, त्यांवरून ट्रॅक्टर गेला.

अंजनाखालचा दगड तेवढा उन्हात उघडा पडला. त्याच्या चारी बाजूंनी खड्डे, खड्ड्यांत सळया, सिमेंटचे खांब. आणि खांबाला पाणी मारायला पाहिजे ना! बांधकाम तापलं तर चिरतं. भाऊजींच्या बोअरला धो धो पाणी होतं, पण ते त्यांच्या उसाला. त्या साली अख्ख्या शिवारात हिरवी एकच गोष्ट होती, चेअरमनचा ऊस. देवीच्या कामाला देवीचं पाणी, असं म्हणून देवळाच्या गुत्तेदारानं, म्हणजे कंत्राटदारानं, झिऱ्यात मोटार सोडली.

मी आणि गयाबाई दुपारी बनात गेलो, कारण मोटारीचा आवाज बंद पडला होता आणि ती बंद का पडली हे आम्हाला कळलं होतं. झिरा कोरडा ठाक होता. कपारीत तोंड घालून एक हरिणी गुडघ्यांवर बसली होती. बसली होती असं लांबून वाटलं. जवळ गेलो तर मान लोंबलेली, जीभ खडकाला टेकलेली. पोट टम्म. गाभण होती. गयाबाईनं तिच्या पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मी म्हटलं, "गयाबाई, चल." ती म्हणाली, "थांब. आत हालतंय." मी पण हात ठेवला. खरंच हलत होतं. आम्ही दोघी तशाच बसलो, तिकडं मिस्त्री लोक जेवणाचे डबे सोडून हसत होते. मग गयाबाई म्हणाली, "थांबलं."

तिथून ती सरळ दगडापाशी गेली. "सटवाये," ती म्हणाली, आणि तिचा तो मोठा आवाज त्या दिवशी अगदी खाली आला होता, "तुझ्या दारात गाभण जीव पाण्यावाचून मेला. आता तू हितं ऱ्हायची न्हाईस." लुगड्याचा काचा मारला, डोक्यावरच्या पदराची चुंबळ केली आणि मला म्हणाली, "सेक्रेटरीबाई, हात लावा."

दगड जड होता. पण गयाबाईनं उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढवल्या होत्या, तिला काय त्याचं! आम्ही बनातून निघालो. डेअरीपुढं आल्यावर संस्थेच्या आणखी बाया मिळाल्या. एकीची मान भरून आली की दुसरी पुढं व्हायची. गुत्तेदाराची माणसं धावत आली, गावातले पुरुष धावत आले, पण हात कुणी लावायचा? सटवाईला पुरुषाचा हात चालत नाही. नुसतेच आजूबाजूनं ओरडत चालले होते, "अवो, पाप लागंल! अवो, थांबा!" आम्ही चेअरमनच्या उसात शिरलो. मधोमध जिथं बोअरचं पाणी पाटात पडत होतं, तिथं कोवळा ऊस वाकवून जागा केली आणि देवी टेकवली. गार वाटलं असेल तिला, झाडं गेल्यापासून पहिल्यांदाच.

भाऊजी मोटारसायकल तशीच आडवी टाकून आले. "वैनी, हे काय?"

"देवी आणलीया तुमची," मी म्हटलं. "बांधा देऊळ."

"हितं? माझ्या उसात?"

"हितं कावून न्हाई?" गयाबाई म्हणाली. "पाणी हाय, मोकळं रान हाय, अन् तोडायला एक झाड न्हाई."

"देवी हालवता येत न्हाई, बे!" बाईमाणसाला बे म्हणण्याइतके ते भडकले होते.

"हालली की. आमच्या डोस्क्यावर बसून गुमान आली."

"उचला. मुकाट्यानं उचला तो दगड."

"तुमी उचला."

सगळा गाव बांधावर उभा होता. भाऊजींनी दगडाकडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं, मग आपल्या बायकोला हाक मारली. जाऊबाई पाटाच्या कडेला उभ्या होत्या. "ए, उचल तो," भाऊजी म्हणाले. जाऊबाईंनी पदरानं घाम पुसला, कंबरेला हात लावला आणि म्हणाल्या, "मला न्हाई जमायचं. कंबर धरलीया." आणि घराकडं निघून गेल्या. गावातल्या इतर बायांचीही त्या दिवशी एकाएकी कंबर धरली. इतक्या कंबरा एका वेळी धरल्याचं आमच्या गावात पुन्हा कधी घडलं नाही.

देवी उसातच राहिली, आणि जागेवर देवीच नाही तर देऊळ कशाचं? देणगीदार बंद झाले, गुत्तेदारानं मिक्सर उचलला. खांब अजून तसेच आहेत, गंजल्या सळया वर काढून. पण फार हुरळून जाऊ नका. जी झाडं गेली ती गेली. निंबाला बुडख्यातून फुटवे आले. अंजनाला आलेच नाहीत. पुढच्या हंगामात एकाही मुकादमानं गयाबाईची जोडी घेतली नाही, कुणाच्या सांगण्यावरून ते सांगायला नको. तिच्या नवऱ्यानं तिला त्याबद्दल मारलंसुद्धा. भाऊजींनी माझ्याशी बोलणं टाकलं ते मरेपर्यंत. त्याचं मला काही वाटलं नाही, गयाबाईचं वाटलं.

उरलेल्या झाडांवरचे खण गयाबाईनं स्वतः सोडले. एकेक गाठ दातांनी. कुणीतरी विचारलं, "आता कुणाच्या नावानं राखायचं गं बन?" ती म्हणाली, "नावानं न्हाई. डोळ्यानं राखायचं." तेव्हापासून संस्थेच्या बायांनी पाळ्या लावल्या. दुपारी दोघींनी झिऱ्याच्या वर, लांब, सावलीला बसायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही. कुणी मोटार, कुऱ्हाड, जाळं घेऊन आलं तर उठायचं.

गयाबाई आता नाही. मी गुडघे धरून अंबाजोगाईत लेकाकडं पडलेली. आणि परवा गावच्या सरपंचबाईंचा फोन आला. माझीच पुतणसून, भाऊजींची धाकटी सून. शिकलेली, गोड पोरगी. म्हणाली, "थोरल्या आत्या, यंदा दुष्काळ लई वाईट हाय. लाकूडवाले पुन्हा फिरायलेत. आमी ठरवलंय, झाडांना खण बांधायचे, लेक म्हणायचं. पेपरवाले येणारेत. तुमी पयल्या वक्ताला केलंवतं ना?"

मी फोनवर जी काही ओरडले, सून आतून पळत आली. मी म्हटलं, "खबरदार लेक म्हणशील तर! लेक म्हणू नको, आई म्हणू नको, देवी तर म्हणूच नको. ज्याला ज्याला ह्यांनी तसलं नाव दिलं त्याचं काय झालं ते डोळ्यानं बघ जरा."

पोरगी घाबरली. म्हणाली, "मंग लोक ऐकतेल कावून, आत्या?"

"न्हाई ऐकणार," मी म्हटलं. "म्हणून तर तिथं बसावं लागतं."

फोन ठेवला आणि पिशवी भरली. लेक म्हणाला, आई, वेड लागलंय का, या उन्हात, या गुडघ्यांनी? असेल. केजची एसटी धरली.

हे सगळं बनात बसून लिहिते आहे. दुपारची पाळी मी मागून घेतली. मघाशी एक हरिणी खाली झिऱ्यावर आली, पोट खाली आलेली, दिवस भरत आलेली. मान वर करून तिनं थेट माझ्याकडं पाहिलं. मला तिला काहीतरी म्हणावंसं वाटलं, जीभ चावून गप्प बसले. ती माझी लेक नाही, बहीण नाही, कुणी म्हणजे कुणी नाही. तिनं तोंड खाली घातलं आणि पोटभर पाणी प्याली.